दादाचं ‘थांबा’

३ जून

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू बरी आहेस असं मी धरूनच चालतो, कारण तू आजारी पडायचं ठरवलंस तरी त्या घरात तुला कुणी पडू देणार नाही. पोरीची परीक्षा संपली असेल. तिला सांग, काकानं कबूल केलेला दगड अजून आकाशातच आहे आणि काकाही अजून जमिनीवरच आहे.

उड्डाण होईपर्यंत आमचे फोन फाटकावर जमा असतात. ऑफिसातला एक फोन वापरता येतो, पण शेजारी बसलेला कारकून माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो. म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचंय ते तुझ्या नवऱ्याबद्दल आहे आणि चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

‘तांत्रिक कारणामुळे उड्डाण लांबणीवर’ असं तू पेपरात वाचलं असशील. त्या तांत्रिक कारणाचं आणि तुझं आडनाव एकच आहे.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, म्हणजे माझा राग किती वाजवी आहे ते कळेल. एका टेकडीएवढ्या लघुग्रहापर्यंत आमचं यान जाणार, त्याला काही सेकंद शिवणार, मूठभर खडी उचलणार आणि परत येणार. ती मूठ माझी. म्हणजे खडी उचलणारा तो यांत्रिक हात मी बनवलाय. नऊ वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. वाळू उचलून पाहिली, विटांचा चुरा, कोळसा, मेसमधली शिळी बिस्किटं. तुझा व्हॅक्युम क्लीनर मीच उघडून ठेवला होता, आणि तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, हे माझ्या अजून लक्षात आहे. तर तो लघुग्रह आणि आपण या महिन्याच्या अठरा तारखेपर्यंतच एकमेकांच्या वाटेवर आहोत. तोवर गेलो तर गेलो. नाहीतर सात वर्षं तो हाताला लागत नाही.

आता तुझ्या ‘ह्यां’चं काम. उड्डाणाच्या आधी नियंत्रण कक्षात प्रत्येक टेबलाला एकच प्रश्न विचारतात, ‘तयार?’ प्रत्येकानं ‘तयार’ म्हणायचं. एकानं जरी ‘थांबा’ म्हटलं की सगळं थांबतं. खोलीत त्याला कुणी कारण विचारायचं नाही, कुणी डोळे वटारायचे नाहीत. आणि ते ‘थांबा’ ज्यानं म्हटलं त्यानंच मागे घ्यायचं. आमच्या संचालक मॅडमनासुद्धा ते उचलता येत नाही. फार पूर्वी कुणीतरी वरिष्ठांच्या धाकानं शंका पोटात ठेवून ‘तयार’ म्हणाला होता आणि एक रॉकेट तळावरच जळालं, तेव्हापासूनचा हा नियम. नियम चांगलाच आहे. मी स्वतः नव्या लोकांना तो कौतुकानं सांगायचो.

दादाच्या टेबलावर इंधनाच्या टाकीतला दाब दिसतो. पडद्यावर एक रेघ असते. टाकी नीट असेल तर ती रेघ केसभर थरथरत राहते. परवा सगळी टेबलं ‘तयार’ म्हणाली, मी काचेमागे उभा राहून पाहत होतो, आणि दादा म्हणाला, “थांबा.” शांतपणे. दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं तसा.

त्याचं म्हणणं, रेघ सरळसोट होती, मेलेली होती. म्हणजे दाब मोजणारं यंत्रच अडकलंय आणि टाकीत खरा दाब किती आहे ते कुणालाच माहीत नाही. ते यंत्र उघडून पाहायचं तर रॉकेट शेडमध्ये परत न्यावं लागतं, आणि परत नेलं की हा महिना गेलाच. बाकीच्यांच्या पडद्यांवर रेघ व्यवस्थित थरथरत होती. म्हणून आम्ही दादाचा पडदा बदलला. आता त्याची तार बदलतोय. उद्या खुर्चीही बदलू.

आणि यावर कडी म्हणजे आम्ही दोघं एकाच खोलीत राहतो. भावाभावांना एकत्र ठेवलं की बरं, असं खोल्या वाटणाऱ्या माणसाला वाटलं. दोन पलंग, एक टेबल, एक खिडकी आणि परवापासून एक अक्षर नाही. काही हवं असलं तर मेसवाल्यामार्फत निरोप. “तुमचे दादा म्हणतात, खिडकी लावा.” “त्यांना सांग, उकडतंय.” तो बिचारा दारात उभा राहून टेनिसचा सामना बघत असल्यासारखी मान फिरवतो.

तरी सकाळी दादा चहा दोघांचा करतो. माझ्या कपात ओतताना निम्मा टेबलावर. मला आधी वाटलं रागानं करतो. काल शर्टाची बटणंही एकेक घर चुकवून लावली होती, आपला इस्त्रीच्या घडीचा दादा! म्हटलं, ताण आहे, असायचंच.

वहिनी, तू त्याला लिही. आई-बाबा गेल्यापासून त्या घरात त्याला ‘पुरे’ म्हणू शकणारं माणूस एकच आहे. त्याला सांग, धाकट्याचं काम अडवू नकोस.

तुझा,
जमिनीवरचा दीर


१२ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. मी चार पानं लिहिली, तू चार ओळी. त्यातल्या एका ओळीत पोरीचे मार्क, एका ओळीत नळाची गळती, एका ओळीत ‘दोघांनी जेवत जा’, आणि एका ओळीत ‘ह्यांना चष्म्याचं बघायला सांग’. ज्यासाठी मी लिहिलं होतं त्याबद्दल काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी!

नळाचं म्हणशील तर वॉशर बदलून घे, तो प्लंबर सांगेल तसा अख्खा नळ बदलू नकोस.

इथलं सांगतो. दुसऱ्या वेळी वारा आडवा आला. आमच्या हवामानवाल्याला सगळे ढगोबा म्हणतात. त्यानं सकाळी छातीठोक सांगितलं की वारा पडणार, आणि वारा पडला नाही, ढगोबाची पत मात्र पडली. तिसऱ्या वेळी सगळं जमून आलं होतं, तेवढ्यात मनाई केलेल्या समुद्रात कुणीतरी होडी घेऊन शिरला. त्याला मासे सापडत होते म्हणे. उड्डाणाला दिवसातली चारच मिनिटं मिळतात, त्याला हाकलेपर्यंत ती गेली. मी हसलो, वहिनी. खरंच हसलो. त्या होडीवाल्यावर मला रागच येईना, कारण तो परका होता.

चौथी वेळ काल. नवा पडदा, नवी तार. दादाच्या मागे त्याचा सहायकही उभा केला होता. सगळे ‘तयार’. दादा पडद्याच्या इतक्या जवळ गेला की त्याच्या श्वासाची वाफ काचेवर दिसत होती. आणि मग, “थांबा.”

बाहेर आल्यावर सहायक चाचरत म्हणाला, “सर, मला तर थरथरताना दिसत होती.” दादा म्हणाला, “तुला जे दिसावंसं वाटतं ते दिसतं. तू अजून नवा आहेस.”

मी मेसमध्ये सगळ्यांसमोर त्याला बोललो. दहा दिवसांचं मौन मोडलं ते असं. म्हटलं, “तू लहानपणी मला सायकल चालवू दिली नाहीस, पोहू दिलं नाहीस, बाहेर शिकायला जायचं तर तीन वर्षं थांबवलंस. आता आकाशातसुद्धा जाऊ देत नाहीस. तुझ्या आयुष्यात तुला दुसरा शब्द येतो की नाही?” त्यानं ताट बाजूला केलं आणि म्हणाला, “उडालं तर तुझा हात जातो. जळालं तरी तुझाच हात जातो. मला दुसरं जास्त दिसतं.” आणि ताट उचलायला गेला ते चमच्यासकट खाली पडलं. मेसवाला धावला. मी नाही उठलो.

तू म्हणशील, मोठ्या भावाशी असं बोलतात का? नाही बोलत. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तरी तक्रार कुणाकडे करायची?

आता एक गोष्ट सांगायची आहे. सांगू की नको असं करत वर नळाचं लिहिलं.

काल संध्याकाळी मॅडमनी मला बोलावलं. तिथे आमचे डॉक्टरही होते. मॅडम चांगल्या आहेत, उगीच गोल गोल बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “ ‘थांबा’ म्हणणाऱ्याला मी टेबलावरून हलवू शकत नाही, आणि हलवूही नये. त्याला तपासायला पाठवलं तर उद्या कुणाची ‘थांबा’ म्हणायची छाती होणार नाही. पण प्रकृतीची अडचण असली तर गोष्ट वेगळी. ती सांगायचा हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला आहे.” मग डॉक्टरांनी विचारलं, “गेल्या वर्षीची तपासणी ठीक आहे. पण तुम्ही एका खोलीत राहता. तुमच्या दादांना नीट दिसतं का?”

एवढाच प्रश्न. ‘नाही’ म्हटलं की त्याला तपासणार, सहायक टेबलावर बसणार, तो ‘तयार’ म्हणणार आणि माझी नऊ वर्षं आकाशात जाणार. दादाची मात्र तिथेच संपली. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय त्याला. सगळे म्हणणार, डोळे गेलेला म्हातारा बसवला होता आणि धाकट्या भावानंच त्याला उठवला.

मी काय उत्तर दिलं ते आता लिहीत नाही. अजून सहा दिवस आहेत. काही घडलंच तर तुला पेपरात कळेलच.

तू चष्म्याचं का लिहिलंस?

नको, त्याचंही उत्तर आता देऊ नकोस.

तुझा,
दीर


४ जुलै

प्रिय वहिनी,

बरेच दिवस पत्र नाही म्हणून तू ऑफिसातल्या फोनवर दोनदा फोन केलास, कारकुनानं सांगितलं. तो म्हणाला, “तुमच्या वहिनी फार काळजीत वाटल्या.” ऐकतो म्हणजे किती ऐकतो बघ.

अठरा तारीख गेली. शेवटच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता, समुद्रात एक होडी नव्हती. ढगोबानं हात जोडले होते. सगळी टेबलं ‘तयार’ म्हणाली आणि दादा ‘थांबा’ म्हणाला. ती चार मिनिटं आम्ही सगळे नुसते बसून होतो. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, नियमच आहे. मग मॅडम म्हणाल्या, “चला, चहा घेऊ.” हातातोंडाशी आलेला घास जातो म्हणतात ना, तो जाताना असा जातो. चहा घेत.

रॉकेट शेडमध्ये परत नेलं. यान वरून उतरवलं. माझा हात पेटीत बंद करून कोठारात ठेवलाय, पेटीवर मीच चिठ्ठी डकवली. सात वर्षांनी मी एक्कावन्नाचा होईन. तोवर या कामाला पैसे देणारे तेच असतील का, मला तरी ठेवतील का, कुणाला ठाऊक. रोज सकाळी उठतो आणि कामावर जायचं म्हणून बूट घालतो, मग आठवतं की काम पेटीत आहे.

मग ते दाबाचं यंत्र उघडलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो, दादाही. वहिनी, ते नवंकोरं होतं. कुठे अडकलं नव्हतं, कुठे कचरा नव्हता, काही नव्हतं. टाकी नीट, तार नीट, रेघ पहिल्या दिवसापासून जिवंत. दादा चुकला होता. प्रत्येक वेळी.

मला वाटलं होतं, निदान काहीतरी सापडेल. एखादा खिळा सापडला असता तरी मी दादाला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. सापडलं असतं तर माझं खोटंही पचलं असतं.

हो, खोटं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “दादाला व्यवस्थित दिसतं.” आणि वर म्हणालो, “माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.”

का, ते मलाच नीट सांगता येत नाही. चहा सांडत होता तेव्हाच मला कळलं होतं. तो पेपर नाकाला लावून वाचायचा आणि मथळेच वाचायचा. दाढीचा एक पट्टा रोज राहायचा. आणि डॉक्टरांच्या समोर ‘नाही दिसत’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. इतकी घाई झाली होती मला ते बोलायची, की माझीच मला भीती वाटली. वाटलं, हे मी दादाच्या डोळ्यांसाठी बोलत नाही, माझ्या रॉकेटसाठी बोलतोय. ज्यानं मला शाळेत घातलं त्याला मी खडीच्या मुठीसाठी विकतोय. म्हणून उलटं बोललो. बाहेर येऊन फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं. मूर्खपणा.

यंत्र नीट निघाल्यावर दादा कुणाला न सांगता स्वतःच डॉक्टरांकडे गेला. म्हणाला, “रेघ ठीक होती, मग मला थरथरताना का दिसली नाही ते बघा.” दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलेला. डॉक्टर म्हणाले, “साधं ऑपरेशन आहे, त्याच दिवशी घरी.” ऐकतेस ना? काखेत कळसा आणि आम्ही पडदे बदलत बसलो होतो!

आणि डॉक्टर त्याला हेही म्हणाले, की तुमच्या भावाला विचारलं होतं.

मी खोलीत आलो तेव्हा दादा पलंगावर बसला होता. हातात चष्मा.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू डॉक्टरांना काय सांगितलंस?”

“दिसतं म्हणून सांगितलं.”

“का?”

“तुझं टेबल गेलं असतं.”

“गेलं असतं तर जाऊ द्यायचं! टेबल काय बापाचं होतं माझ्या?”

“बाप आपला एकच होता.”

“विनोद करू नकोस. मला वाटायचं इथल्या दिव्यांनाच उजेड कमी आहे. मला कमी दिसतंय हे मला कसं दिसणार रे? ज्याला दिसतंय त्यानं बोलायचं असतं. मी तिथे बसून माझं काम करत होतो. खरं वाटलं ते बोलत होतो. आणि तू, धडधाकट डोळ्यांचा, मूग गिळून बसलास. नऊ वर्षं घालवलीस. कुणी सांगितलं होतं तुला माझी कीव करायला?”

मग माझाही तोल गेला. म्हटलं, “तुझ्यासाठी केलं, आणि वर शिव्याही मीच खायच्या?”

तो म्हणाला, “माझ्यासाठी काही करायचं होतं तर मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतंस.”

त्याचं बरोबर आहे, हेच मला सहन होत नाही. तो चुकला तेव्हाही मी रागावलो आणि आता तो बरोबर आहे म्हणूनही रागावलोय. आयुष्यभर हा माणूस माझ्या पुढे एक पाऊल टाकून उभा आहे आणि हलत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जाऊन त्यानं स्वतःचं टेबल सोडलं. माझं नाव घेतलं नाही. मी बाहेर उभा होतो, मला सगळं ऐकू आलं. “चूक माझ्या डोळ्यांची, दुसऱ्या कुणाची नाही,” एवढंच म्हणाला. मी आत जाऊन खरं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही दोघं भाऊ मिळून मला वेड लावणार.” माझं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल.

तुझ्यावर नाही रागावलो. तू लिहिलं होतंस. तू चष्म्याचं लिहिलंस आणि मी तुला वाऱ्याचं, होडीचं, नळाचं लिहीत बसलो. तुलाही नीट माहीत होतं आणि तूही एका ओळीत उरकलंस, हे मात्र खरं. घरी तो जिन्यावर हात टेकत उतरायचा, हे आता मला आठवतंय. आपण सगळेच त्याला इतके भितो की त्याच्या भल्याचंही त्याला सांगत नाही.

आम्ही पुन्हा बोलत नाही आहोत. मेसवाल्यानं रजा टाकलीय, त्यामुळे खिडकी अर्धी उघडी राहते.

दादा चौदा तारखेच्या गाडीनं घरी येतोय. मी सोबत येतो म्हटलं, तर “तुझी गरज नाही” म्हणाला. मी त्याला डब्यात बसवून देईन, सामान लावून देईन. शेजारच्या प्रवाशाला सांगून ठेवीन की आपलं स्टेशन आलं की उठवा. दादाला ते आवडणार नाही, पण यावेळी मी विचारणार नाही. ऑपरेशनची तारीख तू घेऊन ठेव, तो नाही म्हणेल, ऐकू नकोस.

स्टेशनवर तू स्वतः जा, पोरीला एकटीला पाठवू नकोस. आणि नेहमीसारखी लांबून हात करून उभी राहू नकोस, वहिनी. त्याच्या अगदी जवळ जा आणि हाक मार.

त्याच्यावर अजून रागावलेला,
त्याचा भाऊ